सरपंच निवडताना गाव नेमकं काय बघतं?

नमस्कार मंडळी.

आमदाराला आपण टीव्हीवर बघून जोखतो. सरपंचाला मात्र लहानपणापासून बघत आलेलो असतो. त्यानं कुणाचा बांध कोरला, कुणाच्या लग्नात पंगत वाढायला उभा राहिला, बाप आजारी असताना भावाभावांत कसा वागला, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं. तरीही गुलाल धुवून निघायच्या आत पारावर कुणीतरी म्हणतंच, "चुकलं राव आपलं." इतक्या माहितीतला माणूस निवडूनही अंदाज का चुकतो, यावर आज बोलूया.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाव माणूस बरोबर ओळखतं. पण त्याला कोणत्या कामावर बसवायचंय, ते काम फार थोड्यांनी बघितलेलं असतं.

नियम पटकन सांगतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्यानं चालते. लोकसंख्येप्रमाणे सदस्य ७ ते १७. पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून मग पॅनल असतं आणि कपबशी, छत्री, शिट्टी अशी चिन्हं असतात. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली बंद झाली आणि २०२२ साली परत आली.

आता प्रचार. वॉर्डात मतदार असतात काहीशे. त्यामुळे पॅनलप्रमुख मतदारयादी घेऊन बसतो आणि एकेका नावापुढे खूण करतो. हे आपलं घर, हे त्यांचं, हे कुंपणावरचं. भावकी मोजली जाते, सोयरीक मोजली जाते. पुण्या-मुंबईला गेलेल्यांची वेगळी यादी निघते. कोकणात आणि साताऱ्याकडच्या डोंगरी गावांत तर मुंबईकरांसाठी गाड्या ठरवल्या जातात, कारण वीस मतांची एक गाडी अख्खा वॉर्ड फिरवू शकते. समान मतं पडून चिठ्ठी टाकून निकाल लागल्याची उदाहरणं आपल्याकडे किती आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. अशा लढतीत भाषणाला फार किंमत नसते. घरोघर जाऊन हात जोडण्याला असते.

आणि हात जोडून उभ्या असलेल्या उमेदवाराकडे बघताना मतदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा अडीनडीला धावतो का? रात्री अकराला बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी काढली का? डीपी जळाला तेव्हा वायरमनच्या मागे कोण लागलं? मयतीला कोण आलं, सावडायला कोण थांबलं?

शहरातली शिकलेली मंडळी याला मागासलेपण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. प्रचाराच्या आठ दिवसांत कुणीही गोड बोलतो. पण पाच वर्षं सुखदुःखात उभं राहणं हे सोंग घेऊन जमत नाही. मतदार इथं आश्वासनाला नाही, वागणुकीला मत देतो, आणि हा निकष बऱ्याच मोठ्या निवडणुकांतल्या निकषांपेक्षा खरा आहे.

अडचण पुढे येते. सरपंच झाल्यावर त्या माणसाचं बरंचसं काम कागदावर असतं. पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे केंद्राकडून गावाला मिळालेल्या निधीचंच घ्या. २०२१-२२ पासून या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला होता, उरलेला ४० टक्के गावानं आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. म्हणजे आराखडा कोण लिहितो, ग्रामसेवकानं पुढे केलेला कागद कोण वाचून सही करतो, इंजिनिअरनं मोजमाप पुस्तिकेत लिहिलेले मीटर जागेवर कोण मोजून बघतो, हे प्रश्न आले. रात्री गाडी काढणारा भला माणूस हे करेलच असं नाही. करू शकतो, पण ते वेगळं तपासावं लागतं.

कसं तपासायचं? मोबाईल काढा आणि ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा आणि साल टाका. गावाचा मंजूर आराखडा दिसेल, कामांची नावं आणि रकमा दिसतील. "अमुक वस्तीत बंदिस्त गटार बांधणे", "शाळेत पाण्याची टाकी बसवणे", "एलईडी पथदिवे" अशा ओळी असतात. त्यातली एकच ओळ निवडा. गटाराची निवडा. आणि उठून त्या वस्तीत चालत जा. गटार कुठं सुरू होतं, कुठं संपतं, झाकणं आहेत का, पाणी पुढे वाहतं की मध्येच तुंबतं, कामाचा फलक लावलाय का. तिथल्या बायांना विचारा, पावसाळ्यात काय होतं. संध्याकाळचा एक तास जाईल. पण मावळते सदस्य परत उभे असतील, तर त्यांच्याबद्दल यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला प्रचारसभेत मिळणार नाही. ते काम कुणी केलं, हेही विचारा. पंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल, तर कायद्यानं त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

मग जे पहिल्यांदाच उभे आहेत, त्यांचं काय? त्यांना ग्रामसभेवरून जोखा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या तारखा प्रत्येकाला माहीत आहेत. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. तेवढे येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग पंधरा-वीस माणसं बसतात आणि गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर होतो. आज जो "मला संधी द्या" म्हणून दारात आलाय, तो त्या वीसात कधी होता का? त्यानं कधी उठून प्रश्न विचारला का? प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ते सापडतं. नाही दाखवलं, तर माहितीच्या अधिकारात मागता येतं.

आणखी एक छोटी गोष्ट. ग्रामपंचायतीची थकबाकी असेल तर उमेदवारी अडचणीत येते. त्यामुळे अर्ज भरायच्या आदल्या दिवशी कर भरणाऱ्यांची कार्यालयात गर्दी होते. कित्येक वर्षांची घरपट्टी-पाणीपट्टी एका सकाळी भरली जाते. भरली हे चांगलंच झालं. पण जो माणूस दर वर्षी पावती फाडत आला आणि जो अर्जासाठी धावत आला, त्या दोघांत फरक आहे, आणि तो फरक पावतीवरच्या तारखेत दिसतो.

आता तीन गावांबद्दल बोलतो. तिन्ही गोष्टी २०२१ च्या जानेवारीतल्या, जेव्हा राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या.

पहिलं तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाणलोटाच्या कामामुळे देशभर नाव गेलेलं गाव. तिथं जवळपास तीस वर्षांनी मतदान झालं. तोवर सगळं बिनविरोध होत आलं होतं. या वेळी विरोधात अर्ज आले, आणि ते काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनलनं सातही जागा जिंकल्या. मला यात जिंकण्याइतकंच मतदान होण्याला महत्त्व वाटतं. तीस वर्षांत विशीतल्या, तिशीतल्या कितीतरी लोकांनी आपल्याच ग्रामपंचायतीसाठी कधी बटण दाबलं नव्हतं. केलेलं काम त्यांच्यासमोर परीक्षेला बसलं आणि पास झालं.

दुसरं तेव्हाच्या औरंगाबादजवळचं, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा. तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांची भाषणं तुम्ही ऐकली असतील. कर भरणाऱ्याला दळण मोफत, ही कल्पना याच गावची. त्या वर्षी ते स्वतः उभे राहिले नाहीत, त्यांची कन्या उभी होती. ती हरली आणि विरोधातलं पॅनल निवडून आलं. तेव्हा सोशल मीडियावर गावाला फार नावं ठेवली गेली, "लोकांना चांगल्याची किंमत नाही" वगैरे. माझं मत वेगळं आहे. बापाचं काम बापाच्या खात्यावर असतं. उभा राहिलेला माणूस कोण, समोरचा कोण, गेल्या दोन-चार वर्षांत वॉर्डात काय घडलं, हे बघून गाव मत देतं. तो त्यांचा अधिकार आहे आणि बाहेरून आपण त्यावर निकाल देऊ नये.

तिसरं नाशिक जिल्ह्यातलं उमराणे. तिथं सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर. पैसा देवळासाठी म्हणून. नंदुरबारच्या खोंडामळीतही असाच प्रकार झाला, बोली ४२ लाखांची. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. योग्य केलं. "गावाचं भलं होतंय, देऊळ होतंय, भांडणं टळतायत" असं म्हणणारे बरेच होते. पण लिलावात गरिबाला उभंच राहता येत नाही. राखीव जागेवरची बाई, भूमिहीन मजूर, एक एकरवाला, सगळे उमेदवार म्हणून बोलीच्या पहिल्या आकड्यालाच बाद होतात. बिनविरोध कसं झालं ते विचारल्याशिवाय बिनविरोधाचं कौतुक करू नका. चर्चेनं झालं तर आनंद आहे. पैशानं किंवा दमानं झालं असेल, तर तुमचं मत तुमच्या नकळत खर्च झालंय.

पैशाचा विषय निघालाय तर हिशोबच करूया. २०२२ च्या निवडणुकांत ७ ते ९ सदस्यांच्या गावात सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये होती, थेट सरपंचाला ५० हजार. मोठ्या, १५ ते १७ सदस्यांच्या गावात सरपंचाला १ लाख ७५ हजार. आणि मानधन? २०२४ साली ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिन्याला ६ हजार. पाच वर्षांचे होतात ३ लाख ६० हजार. तुमच्या गावात रोज रात्री ढाब्यावर किती ताटं उठतायत, किती गाड्या फिरतायत, किती पाकिटं वाटली जातायत, ते तुम्ही डोळ्यांनी बघताय. बेरीज करा. खर्च जर या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला असेल, तर वसुली कुठून होणार? ती होते तुमच्या गटारातून आणि तुमच्या शाळेच्या टाकीतून. पाकीट घेणाऱ्याला मी दोष देत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला तेवढ्यात आठवडा निघतो. पण मत गुप्त असतं, हे त्याला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

आता ज्या विषयासाठी मला हा व्हिडिओ करावासा वाटला, तो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे साधारण दर दुसऱ्या गावाची सरपंच बाई असते. पण बॅनर बघा. तिचा फोटो कोपऱ्यात आणि नवऱ्याचा, सासऱ्याचा, पॅनलप्रमुखाचा फोटो तिच्या दुप्पट. मतदारही विचारतो, "कुणाची बायको?" निवडून आल्यावर खुर्चीत नवरा बसतो आणि सहीपुरती वही घरी जाते. या प्रकारावर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला २०२३ साली समिती नेमावी लागली, इतकं ते देशभर पसरलंय.

यात दोष फक्त नवऱ्याचा नाही. आपण मतदार त्या बाईला उमेदवार म्हणून जोखतच नाही. ती दारात येते तेव्हा हळदीकुंकू लावून पाठवतो आणि बोलतो मागे उभ्या असलेल्या पुरुषाशी. तिला विचारा. "ताई, आपल्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येतं, तुम्ही काय कराल?" नवरा उत्तर द्यायला लागला तर नम्रपणे म्हणा, "दादा, उमेदवार ताई आहेत, त्यांनाच बोलू द्या." पहिल्यांदा ती अडखळेल. अडखळू द्या, पुरुष उमेदवारही अडखळतात. बचत गटाचा हिशोब वर्षानुवर्षं सांभाळलेली बाई पंचायतीचं जमाखर्चाचं पुस्तक वाचू शकते, यात मला तिळमात्र शंका नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तुमच्या गावात ती शेवटची कधी झाली आणि हजेरीच्या सह्या खरंच बायकांनी केल्या का, हेही याच निमित्तानं विचारून घ्या.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. थेट सरपंच आल्यापासून बऱ्याच गावांत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होतं. मतदार म्हणतो, दोघांनाही खूश ठेवलं. मग मासिक सभेत ठराव अडतात आणि आलेला निधी पडून राहतो. मतं विभागून देऊ नका असं मी म्हणणार नाही, वॉर्डातला चांगला माणूस दुसऱ्या पॅनलमध्ये असू शकतो. पण तसं देणार असाल तर सरपंचपदाच्या उमेदवारात एक गोष्ट बघाच. विरोधातल्या माणसाशी त्याचं बोलणं चालू आहे का? वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली माणसं एका टेबलावर बसून गाव चालवू शकत नाहीत.

आणि मतदानाच्या दिवशीचं. मतपत्रिकांचे रंग लक्षात ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. सरपंचाची फिकट निळी. सदस्यांमध्ये अनुसूचित जातीच्या जागेची फिकट गुलाबी, अनुसूचित जमातीची फिकट हिरवी, ओबीसीची फिकट पिवळी आणि सर्वसाधारण पांढरी. तीन जागांचा वॉर्ड असेल तर सरपंच धरून चार वेळा बटण दाबायचं असतं. एकदा दाबून बाहेर येऊ नका.

तुमच्या गावात दारात आलेल्या उमेदवाराला यातला कुठला प्रश्न विचारलात आणि काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा. उमेदवाराचं नाव लिहू नका, उत्तर तेवढं लिहा. गटार चालून बघितलंत तर त्याचा फोटोही टाका.