पाय म्हणतात चल

नमस्कार श्रोतेहो.

वाट चुकलीय हे लक्षात आलं की माणसाचे पाय आपसूक भराभर पडायला लागतात. डोकं म्हणतं थांब, पाय म्हणतात चल, त्या टेकाडापलीकडे नक्की रस्ता असेल. थंडीत, अंधार पडायला तासभर उरलेला असताना, त्या टेकाडानं पुष्कळांचा घात केलाय. म्हणून आज एकच गोष्ट दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. चुकलात, की थांबा.

आपण सरळ चालतोय असं आपल्याला वाटत असतं. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सोडून सांगितलं, सरळ चाला. सूर्य दिसत होता तोवर माणसं सरळ चालली. आभाळ भरून आल्यावर मात्र जंगलात ती गोल फिरली, आपलीच वाट ओलांडून पुढे गेली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता मला आवडणारी गोष्ट. माझ्या घरचे ती ऐकून कंटाळलेत, तुम्ही तरी ऐका.

१९२१ चा सप्टेंबर. सैबेरियाच्या उत्तरेला रँगल नावाचं बेट आहे, तिथे पाच माणसं उतरली. चार तरुण पुरुष आणि एडा ब्लॅकजॅक. एडा अलास्कातली, इन्युपियाक समाजातली, वय २३. तिला नेलं होतं कपडे शिवायला. शिकार तिला येत नव्हती, बंदुकीची भीती वाटायची आणि अस्वलांची तर त्याहून जास्त. मग गेली कशाला? मुलाला क्षय झाला होता, पैसे हवे होते.

शिधा होता सहा महिन्यांचा. बाकीचं बर्फच देईल, असं मोहीम आखणाऱ्या स्टेफान्सन साहेबांचं म्हणणं. साहेब स्वतः गेले नाहीत. (जो मोहीम आखतो त्यानं आधी एक रात्र तिथल्या तंबूत काढावी, असा नियम पाहिजे. असो.) १९२२ च्या उन्हाळ्यात मदतीचं जहाज निघालं, पण बर्फानं त्याला बेटापर्यंत पोचू दिलं नाही. हिवाळा आला, शिकार आटली. चौघांपैकी नाइट नावाचा गडी स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या आजारानं, अंथरुणाला खिळला.

जानेवारी १९२३ मध्ये उरलेल्या तिघांनी ठरवलं, गोठलेल्या समुद्रावरून सैबेरिया गाठायचा. साधारण १४० किलोमीटर. त्यांना वेडे म्हणू नका. त्यांच्यातला मॉरर १९१४ साली याच बेटावर अडकला होता. तेव्हा बार्टलेट नावाचा कप्तान एका स्थानिक शिकाऱ्याला घेऊन हाच बर्फ ओलांडून गेला आणि त्यानं मदत पाठवली. म्हणजे ही वाट एकदा जमलेली होती. मला खटकतं ते इथेच. दुसऱ्याला एकदा जमलं, याचाच बेत करून माणूस निघतो. आणि मॉरर स्वतः त्या वेळी वाचला होता तो बेटावर थांबून!

तिघे कुत्र्यांची गाडी घेऊन निघाले. ते पुन्हा कुणालाही दिसले नाहीत.

मागे राहिली एडा, आजारी नाइट आणि व्हिक नावाची मांजर. एडानं फार मोठा विचार करून थांबायचं ठरवलं असं मी म्हणणार नाही. आजाऱ्याला सोडून ती जाणार कुठे? पण थांबली, आणि थांबून काय केलं ते ऐका. कोल्ह्यांसाठी सापळे लावायला शिकली. बंदूक चालवायला शिकली. अस्वल लांबूनच दिसावं म्हणून आसऱ्यावर टेहळणीसाठी माचाण बांधलं. कातड्याची होडी केली. रोजनिशी लिहिली. जूनमध्ये नाइट गेला, त्यानंतर ती आणि मांजर, दोघीच. ऑगस्ट १९२३ मध्ये जहाज आलं. पाच माणसांतली ती एकटी जिवंत होती. मांजरही.

टीव्हीवरचे ते जंगलातले बहाद्दर बघताना मला एडा आठवते. किडे खाताना, काड्या घासताना दिसतात, पण कॅमेरा धरणारा माणूस कोरड्या कपड्यांत समोर उभा असतो. सुईदोरा हातात असलेली बाई कुणी दाखवत नाही. थंडीत उसवलेली शिवण कधीही किड्यांपेक्षा महत्त्वाची.

घड्याळ पुढे सरकलंय, तेव्हा कामाचं भराभर सांगतो.

थांबलात की पहिली काळजी जमिनीची. आपण अंगावर घ्यायचं बघतो आणि पाठीखालचं विसरतो. पाला, फांद्या, रिकामी सॅक, जे मिळेल ते खाली घाला. वारा अडेल अशी आडोशाची जागा धरा. आणि कोरडे राहा. पुन्हा सांगतो, कोरडे राहा. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो, मग तो पावसानं भिजो की घामानं. म्हणून घाम फुटेल इतकं काम करू नका. तहान लागली तरी बर्फ तोंडात कोंबू नका, तो वितळवायला शरीराचीच ऊब खर्च होते. दारू तर नकोच. तिनं गरम वाटतं, ते ऊब कातडीपर्यंत येऊन बाहेर निघून जात असते म्हणून.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू. कुडकुडणाऱ्या सोबत्याचं कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. उलट आहे. काहीजण शेवटी अंगावरचे कपडेही काढून टाकतात.

गाडी बर्फात अडकली तर गाडीतच थांबा, शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. इंजिन थोडा वेळच चालवा, आणि त्याआधी सायलेन्सरसमोरचा बर्फ काढा, काच थोडी उघडी ठेवा. नाहीतर धुरातला विषारी वायू आत भरतो, आणि त्याला वास नसतो. मोबाइल आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गारठ्यात बॅटरी बसते. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवून बघा, कधीकधी तेवढी रेंज पुरते.

निघायचंच कधी? जागाच धोक्याची असेल तर. किंवा तुम्ही कुठे गेलात हे कुणालाच माहीत नसेल, आणि वाट तुम्हाला खरोखर ठाऊक असेल. खरोखर, बरं का. ‘बहुतेक याच बाजूला’ हे ठाऊक असणं नव्हे.

आणि शिट्टी जवळ ठेवा. घसा तासाभरात बसतो, शिट्टी बसत नाही. आल्प्समध्ये रूढ झालेली खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा सहा. पलीकडून मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या, तर तुमचा आवाज पोचलाय. तरी तुमची वाजवणं सोडू नका. ते समोर येऊन उभे राहीपर्यंत वाजवा.

नमस्कार.