सीनाय पर्वत : बेत मठाच्या दारावरून आखा

इजिप्तमधल्या जबल मुसावर, म्हणजे बायबलमधल्या मोशेला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या असं मानतात त्या सीनाय पर्वतावर, बहुतेक जण सूर्योदयासाठी जातात. पण बेत आखताना आधी पायथ्याचा सेंट कॅथरिन मठ कधी उघडा असतो ते बघा. साधारण सकाळी नऊला दार उघडतं आणि दुपारच्या सुमारास बंद होतं. शुक्रवारी, रविवारी आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स सणांना सहसा उघडतच नाही. शनिवारी रात्री चढायला निघालेल्यांना रविवारी खाली आल्यावर नुसता तट बघून परतावं लागतं.

मठच मुळी दीड हजार मीटरच्या वर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, त्याच्या जवळपास. माथा २,२८५ मीटरवर. रात्री एक-दोनला निघावं. चढायला उंटवाट बरी : लांब, पण चढ बेताचा. तीन तास धरा. उंट समोर आला की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या नाही. उंटाचं भाडं चढण्याआधीच ठरवा, आणि एवढं लक्षात ठेवा, की उंट माथ्यापर्यंत जात नाही. शेवटच्या साडेसातशे पायऱ्या प्रत्येकाला चालूनच चढाव्या लागतात. बेदुइन (इथल्या वाळवंटातल्या टोळ्यांपैकी) वाटाड्या सोबत लागतोच.

बहुतेकांची फजिती होते ती थंडीने. चढताना घाम येतो, कपडे भिजतात आणि माथ्यावर वाऱ्यात तासभर बसावं लागतं. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. कोरडा बनियन आणि जाकीट पिशवीत ठेवून वर गेल्यावरच घाला. उतरताना ३,७५० पायऱ्यांची जुनी वाट सरळ मठामागे येते, पण दगड उंच-सखल आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर उंटवाटेनेच उतरा.

मठ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवला. मोशेच्या गोष्टीतलं, जळत असूनही भस्म न होणारं झुडूप म्हणून दाखवतात ते इथेच, आणि तटाच्या आत फातिमी खलिफांच्या काळातली मशीदही आहे. पण वेळ राखून ठेवा तो चित्रांसाठी. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटांनी धार्मिक चित्रं नष्ट करवली, तेव्हा सीनाय मुस्लिम राजवटीत होतं, त्यांच्या हुकमाबाहेर. त्यात हवा कोरडी. म्हणून मेणात रंग कालवून काढलेलं सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं चित्र आजही शाबूत आहे. दोन्ही बाजूंचे डोळे सारखे नाहीत. अर्धा-अर्धा चेहरा झाकून बघा. 'कोडेक्स सिनायटिकस' हे चौथ्या शतकातलं बायबलचं हस्तलिखित मात्र इथे शोधू नका. त्याची बहुतेक पानं लंडनला आहेत. मठाकडे उरले ते १९७५ मध्ये सापडलेले काही भाग. मठात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चर्चमध्ये फोटो काढू देत नाहीत.

जागरण झेपत नसेल तर दुपारी चढून सूर्यास्त बघा. गर्दी बरीच कमी असते. अंधारात उंटवाटेने विजेरी घेऊन उतरा, रात्री गावात मुक्काम करा आणि सकाळी नऊच्या आधी मठाच्या दारात हजर राहा.