गायतोंडे यांचे चित्र पाहायला जाताना

श्रोतेहो, नमस्कार. आपल्यापैकी बहुतेकांना चित्रे आधी मोबाइलवरच भेटतात, आणि त्यात गैर काही नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, तेव्हापासून आपल्या घरांत चित्र आले ते प्रतिकृतीच्याच रूपाने. त्या चित्रांत ओळखीची पात्रे आणि कथा असल्यामुळे रंग थोडे भडक छापले गेले तरी लक्ष्मी लक्ष्मीच राहिली. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मात्र तसे नाही; त्यांत ओळखीचे पात्र नाही की कथा नाही, आहे तो फक्त रंग. ती मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

१९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे पुढे रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी, यांनी काम करू लागले. रंगाचा एक थर द्यायचा, तो काही ठिकाणी खरवडायचा, त्यावरून दुसरा पातळ थर फिरवायचा, कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर ठेवून रंगाचे आकार उमटवायचे, अशा रीतीने त्यांचे चित्र सावकाश घडत जाई आणि वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे होत. अशा चित्रासमोर उभे राहिले की आधी एकच रंग दिसतो; डोळे स्थिरावल्यावर त्याच्या आतला दुसरा रंग वर येऊ लागतो, खरवडलेल्या जागेची कड जाणवते, आणि मघाशी रिकामी वाटलेली जागा भरलेली आहे हे ध्यानात येते.

पडद्यावर हे का घडत नाही? कॅनव्हासवरच्या पातळ थरात खोलीतला प्रकाश शिरतो, खालच्या थरावरून परततो, आणि आपण दोन पावले सरकलो की वेगळा दिसतो. पडदा मात्र लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून स्वतःच प्रकाश फेकतो, आणि कॅमेरा जिथे उभा होता तिथून आपल्याला हलता येत नाही. शिवाय मापाचा प्रश्न आहेच: माणसाच्या उंचीचा कॅनव्हास आणि तळहाताएवढे लघुचित्र मोबाइलवर सारखीच होऊन बसतात. उत्तम छायाचित्र मोठे करून बारकावे तपासता येतात, अभ्यासकांना त्याचा मोठा आधार आहे; पण तो तपासणीचा भाग झाला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. तिथे गेलात तर आधी थोडे लांब उभे राहून संपूर्ण कॅनव्हास पाहा, मग एका बाजूला सरकून तिरप्या नजरेने त्याच्या पृष्ठभागावरचे उंचसखल भाग न्याहाळा, आणि फोटो काढायचाच असेल तर परवानगी विचारून अगदी शेवटी काढा. संग्रहातले प्रत्येक चित्र नेहमीच भिंतीवर असते असे नाही, म्हणून घरून निघण्यापूर्वी चौकशी मात्र अवश्य करा.