रुळांच्या पलीकडची मदत

श्रोतेहो, नमस्कार.

भर पावसात, कोकण रेल्वेच्या मार्गावर निवसरच्या आसपास रात्री रुळांवरून चालत जाणारा गस्तीचा कर्मचारी तुमच्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. अंगावर रेनकोट, हातात विजेरी आणि नजर रुळांइतकीच बाजूच्या कापलेल्या डोंगरावर, कारण आपल्याकडे धोका वरून येतो. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने घात केला आणि अनेकांचे प्राण गेले. पावसाळ्यातला कमी वेग, डोंगरावरच्या जाळ्या आणि रात्रंदिवसची गस्त यांचे मोल कोकणाने असे किंमत मोजून जाणले आहे. आज मला भारताच्या परराष्ट्र धोरणातील विकास सहकार्याविषयी, म्हणजे इतर देशांना आपण प्रशिक्षण, प्रकल्प आणि कर्जे यांतून करतो त्या मदतीविषयी, बोलायचे आहे आणि त्याची सुरुवात या गस्तवाल्यापासून करण्याला कारण आहे.

हे सहकार्य आपण श्रीमंत झाल्यावर सुरू केलेले नाही. भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रम, ज्याला सगळे ‘आयटेक’ म्हणतात, तो १९६४ साली सुरू झाला, तेव्हा आपल्या रेशनच्या दुकानांत अमेरिकेचा गहू येत होता. स्वतःच्या घरात धान्य पुरत नसताना दुसऱ्याला द्यायचे काय? जे हाताशी होते ते आपण दिले, म्हणजे शिकवणारी माणसे आणि शिकण्याची जागा. आशिया-आफ्रिकेतले अधिकारी, तंत्रज्ञ इथे येऊन शिकून गेले.

पुढे व्याप वाढला. भूतानमध्ये जलविद्युत प्रकल्प झाले, अफगाणिस्तानात झरंज ते डेलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता झाला, एक्झिम बँक या सरकारी आयात-निर्यात बँकेमार्फत सवलतीची कर्जे दिली जाऊ लागली आणि २०१२ साली परराष्ट्र मंत्रालयात या कामासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. यात आपला स्वार्थ आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. भूतानची वीज आपणच विकत घेतो, आणि त्या व्यवहारात दोघांचेही भले होते.

आता नेपाळकडे वळू. बिहारमधील जयनगरहून जनकपूरकडे जाणारी जुनी नॅरोगेज गाडी २०१४ मध्ये थांबली. भारताच्या अनुदानातून तिथे कुर्थापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग झाला. नेपाळने विकत घेतलेल्या दोन डेमू, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या, प्रवासी गाड्या आपल्या कोकण रेल्वेने सप्टेंबर २०२० मध्ये पोहोचवल्या. पण प्रवासी सेवेचे उद्घाटन झाले ते २ एप्रिल २०२२ रोजी. रूळ होते, गाड्या होत्या, तरी चालवणारी प्रशिक्षित माणसे आणि आवश्यक कायदेशीर व्यवस्था तयार नसल्यामुळे त्या नव्याकोऱ्या गाड्या दीड वर्ष उभ्या राहिल्या. शेवटी कोकण रेल्वेच्या तंत्रज्ञांची मदत घेऊनच त्या धावू लागल्या.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. आपण बांधकामाचा खर्च नीट मोजतो, पण बांधलेले चालवण्याच्या तयारीला उशिरा हात घालतो. विलंब हा आपला जुनाच दोष आहे. ज्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले, त्याच्या देशातील, म्हणजे म्यानमारमधील, कलादान या भारताला जोडणाऱ्या वाहतूक प्रकल्पाचा करार २००८ चा, आणि त्यातल्या सितवे बंदरात पहिले मालवाहू जहाज लागायला २०२३ उजाडले. तिथली अशांतता हे त्याचे मोठे कारण आहे खरे, पण एवढ्या काळात शेजाऱ्याचा आपल्या शब्दावरचा भरवसा पातळ होतो.

रक्सौल ते काठमांडू या नियोजित रेल्वेमार्गाच्या अंतिम सर्वेक्षणाचे काम २०२१ मध्ये कोकण रेल्वेकडेच आले. डोंगर, बोगदे, पूल आणि पाऊस यांच्याशी गाठ असलेला हा मार्ग आपल्या माणसांना अनोळखी वाटणार नाही. तो उभारण्याची वेळ येईल तेव्हा बोगद्यांच्या खर्चाशेजारीच नेपाळी चालक, स्टेशन मास्तर आणि ट्रॅकमन यांच्या प्रशिक्षणाची तरतूद पहिल्या वर्षापासून असावी, आणि त्यातला एक अख्खा पावसाळा त्यांनी निवसरला आपल्या गस्तवाल्याबरोबर चालत काढावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.