ओठ उचलून बघा

(तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेच्या पालकसभेत लहान मुलांच्या दंतवैद्य डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार. पुढे या, सतरंजीवर जागा आहे. आजी, तुम्ही भिंतीला टेकून बसा, पण उठून जाऊ नका. घरातल्या मुलांचं खाणंपिणं तुमच्याच हाताखालून जातं.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. माझ्याकडे बहुतेक मुलं दुखायला लागल्यावरच येतात. गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही, आई रडकुंडीला आलेली. मी तोंडात बघितलं की हमखास ऐकू येतं, ‘पण दुधाचेच दात आहेत ना डॉक्टर, पडणारच आहेत.’ या एका वाक्यापायी मुलांचे फार हाल होतात.

दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात खालच्या हिरडीत दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं. पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर पुढची सहा-सात वर्षं त्याला त्याच दाढेनं भाकरी चावायची आहे. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ही पक्की दाढ आहे, आयुष्यभराची. माझ्या धाकट्या भावाची ही दाढ नवव्या वर्षी काढली. किडून पार पोखरली होती. घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटत होती, आणि ज्यांनी काढली त्यांनीही आईला काही सांगितलं नाही. तिथे दुसरी येईल म्हणून आई कितीतरी महिने त्याच्या तोंडात डोकावून बघायची.

आता कीड. तोंडातले जंतू साखरेचं, पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातला चुना विरघळवतं. दुधाच्या दातांवर हे आवरण पक्क्या दातांच्या निम्मंच जाड असतं. लाळ आम्ल धुऊन काढते, चुना परत भरते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं, हे मी आधी विचारते. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर मला तेवढी काळजी नाही. पण बिस्किटाचा पुडा सकाळपासून खिशात आणि दर थोड्या वेळानं एक तोंडात, असं चाललं की लाळेला उसंतच मिळत नाही. गूळ आणि मधही यातच आले. खोकल्याचं गोड औषध पाजून मुलाला तसंच झोपवू नका, वर पाणी द्या.

झोपेत तर लाळ फारच कमी होते. मागच्या पावसाळ्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. वरचे समोरचे चारही दात म्हणजे हिरडीलगत तपकिरी खुंट, आणि खालचे समोरचे दात पांढरेशुभ्र. आईला कोडंच पडलं होतं. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते, लाळही तिथेच जास्त सुटते, म्हणून ते वाचतात. वरच्या दातांवर मात्र रात्रभर साखर घातलेलं दूध साचून राहतं. आई रात्रपाळीला जायची, पोर रडू नये म्हणून आजी बाटली द्यायची. यात दुर्लक्ष कुणाचंच नव्हतं. दोघींनी त्याला एक दिवस उपाशी झोपू दिलं नव्हतं. मला वाईट एवढंच वाटलं, की वर्षभर आधी कुणी त्याचा ओठ उचलून बघितला असता तर त्याचे दात वाचले असते.

कारण कीड आधी काळी नसते, पांढरी असते. वरचा ओठ उचला, दात कापडानं पुसा आणि हिरडीलगत बघा. खडूनं ओढल्यासारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, तर तीच सुरुवात. तिथे अजून खड्डा नाही. रात्रीची बाटली बंद केली, दात नीट घासले, डॉक्टरांकडून फ्लोराईडचा, म्हणजे दाताचं आवरण घट्ट करणाऱ्या क्षाराचा, लेप लावून घेतला, तर ती रेघ तिथेच थांबते, पुष्कळदा भरूनही येते. खड्डा पडल्यावरही आता चांदी असलेलं एक औषध आहे, ते लावून कीड थोपवता येते, सुई लागत नाही. किडलेली जागा काळी पडते, हे मी आधीच सांगून ठेवते.

घासायचं कुणी? सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुमच्या हातानं झाला पाहिजे. ज्या मुलाला बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही. खाली मांडी घालून बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या, तोंड छताकडे. मग सगळं दिसतं. फ्लोराईड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको. मूल थुंकायला शिकेपर्यंत पेस्ट तुम्हीच लावून द्या. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. तिकडून आलेल्यांनी पेस्टबद्दल मला नंतर भेटून विचारा.

आणि आजी, तुमचं मन दुखवायचं नाही, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. नातवाच्या हिरड्या दुखत असतील तरी ते बोट त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. स्वच्छ ओल्या फडक्यानं चोळा, त्याला बरं वाटतं.

पैशांचा प्रश्न मला कळतो. २०१३ साली आपल्या पालघरमधूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या मोफत तपासणीची सरकारी योजना, सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि दातांची कीड त्यांच्या तपासणीत आहे. पथक येईल तेव्हा मूल घरी ठेवू नका, आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका.

आता मागच्या दोन रांगा जरा सरका. ज्यांची मुलं बरोबर आहेत त्यांनी मांडी घालून बसा, डोकं मांडीवर घ्या. टॉर्च माझ्याकडे आहे. ताई, तुमच्यापासून सुरुवात करू. ओठ मी नाही उचलणार, तुम्ही उचला.