आठ मुलांपासून सुरू झालेली शाळा

1924 सालचं जिनिव्हा. महायुद्ध संपून सहा वर्षं होतायत, राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, दोन्हीची मुख्य ऑफिसं याच शहरात आलीयेत आणि त्यांच्यामागे देशोदेशीचे अधिकारी बायकापोरांसकट इथे राहायला आलेत. मोठ्यांना काम आहे, पण पोरांनी शिकायचं कुठे? गावातल्या शाळा स्विस पद्धतीच्या, फ्रेंचमधून शिकवणाऱ्या, आणि घरच्यांची बदली कधी होईल त्याचा नेम नाही.

मग यातल्याच काही पालकांनी शिक्षणतज्ज्ञ आदोल्फ फेरिएर यांना सोबत घेऊन शाळा काढली, इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा, जिला सगळे इकोलिंट म्हणतात. सुरुवातीला मुलं फक्त 8. दोन वर्षांनी आई कमलाबाईंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब जिनिव्हात आलं तेव्हा छोटी इंदिरासुद्धा याच शाळेत जात होती.

शाळा वाढली, पण खरा प्रॉब्लेम वरच्या वर्गांत होता. खाली सगळे एका बाकावर बसायचे आणि शेवटच्या वर्षांत आपापल्या देशाच्या शाळा संपतानाच्या परीक्षेसाठी पांगायचे, फ्रेंच मुलं बाकालोरियाच्या तयारीला, इंग्रज जीसीईला, अमेरिकन कॉलेज बोर्डाला, स्विस मात्युरितेला. म्हणजे एवढी वर्षं जग एक आहे असं शिकवायचं आणि परीक्षा आली की पासपोर्ट बघून वर्ग पाडायचे! मला या सगळ्या गोष्टीत इथल्या शिक्षकांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं, कारण त्यांनी हे असंच चालायचं म्हणून सोडून दिलं नाही. कुठल्याच एका देशाची नसलेली पण सगळीकडे चालेल अशी परीक्षा हवी म्हणून ते 60 च्या दशकात मागेच लागले, सिलॅबस लिहायचा, पेपर काढायचे आणि वर देशोदेशीच्या युनिव्हर्सिट्यांना हे पटवायचं, आणि 1968 मध्ये जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, रीतसर उभं राहिलं.

आज इकोलिंटचे तीन कॅम्पस आहेत, मुलं 4,000 च्या वर. आयबी तर 5,000 पेक्षा जास्त शाळांत पोचलंय, त्यामुळे अशा एका शाळेतून दुसरीत जाणाऱ्या मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि यातली एक सोय फार कमी लोकांना माहितीये, आयबी डिप्लोमाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, मूल आपल्या मातृभाषेचं साहित्य घेऊ शकतं, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, शाळेच्या मदतीनं स्वतः अभ्यास करून.