दलदलीत परतलेले पाणी

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील सड्यांवर पावसाळ्यात कातळातल्या ओलीजवळ गुडघे टेकून बसले, तर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती दिसते. तिच्या पानांवर तांबडे केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट थेंब चमकत असतो. तिचीच एक बहीण उत्तर स्कॉटलंडमधील फ्लो कंट्री या विस्तीर्ण दलदलीत वाढते. दोन्ही जागा लोकांना पडीक वाटतात आणि दोन्हींचे वैभव झाडे नसण्यातच आहे.

फ्लो कंट्रीत पाण्याखाली हवा पोहोचत नाही, त्यामुळे स्फॅग्नम नावाचे शेवाळ मेल्यावरही पुरते कुजत नाही आणि त्याच्या थरांतून पीट तयार होते. नाव भाकरीच्या पिठाजवळचे असले, तरी हाताला लागतो तो काळपट, भिजलेला लगदा. तो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो; मीटरभर थरामागे सुमारे १००० वर्षे उभी असतात.

१९८० च्या दशकात करसवलतीच्या आशेने गुंतवणूकदारांनी ही जमीन नांगरून, चर खणून तेथे सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत गेली, पण झाडे राहिली. चरांनी पाणी ओढून नेले, पीट आकसून भेगाळले आणि हवा लागताच त्यात साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागला. शिवाय उघड्या माळावर घरटी करणारे सोनचिखल्यासारखे पक्षी झाडांच्या कडेपासून दूर राहू लागले.

आरएसपीबी या पक्षी-संवर्धन संस्थेने १९९५ मध्ये फोर्सिनार्ड येथे जमीन घेतली आणि पुढे लागवड काढण्याचे काम सुरू झाले. आधी झाडे तोडून चर बुजवले गेले. उसाला पाणी पाजताना सरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालतात, तसेच येथे पिटाचे बांध घातले. मात्र नांगरटीचे उंचवटे कोरडेच राहिले. म्हणून आता रुंद पट्ट्यांची यंत्रे बुंधे उलटे करून पिटात दाबतात आणि नांगरटीवर फळी मारावी तसा पृष्ठभाग सपाट करतात.

गुण यायला वेळ लागतो. तेथील मोजणीत झाडे काढून १० वर्षे झालेली जागा अजून कार्बन सोडत होती, तर १६ वर्षे झालेली जागा तो शोषू लागली होती. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हाही तेथे झाडे काढण्याचे काम चालूच होते. बुजवलेल्या चरात मात्र स्फॅग्नमचा पोपटी गालिचा पाण्यावर पसरू लागला आहे.